नाताळचे तिकीट

सण आला की मनुष्य नेहमीपेक्षा थोडा उदार होतो, हा सर्व देशांतला आणि सर्व धर्मांतला अनुभव आहे. दिवाळीच्या फराळाची ताटे आपल्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात, संक्रांतीला तिळगूळ देताना जुने भांडण विसरले जाते. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात गोडाधोडाची ताटे निघतात ती केवळ ख्रिस्ती घरांकडेच जातात असे नाही; हिंदू शेजाऱ्याच्या ओसरीवरही ती तितक्याच अगत्याने पोहोचतात. परंतु सण सरतो, दिवे मालवतात, पाहुणे परततात, आणि त्यांच्याबरोबर ते औदार्यही पुष्कळदा निघून जाते. सणाच्या दिवशी मनात उमटलेली करुणा वर्षभर टिकावी यासाठी काही करता येते काय? हा प्रश्न नीतीचा आहे, तसाच तो इतिहासाचाही आहे. कारण त्याला एका टपाल-कारकुनाने विसाव्या शतकाच्या आरंभी जे उत्तर दिले, ते पुढे कित्येक देशांनी उचलले आणि आपल्या देशापर्यंतही ते येऊन पोहोचले.

हे उत्तर समजण्यासाठी ख्रिस्ती धर्मात नाताळ आणि दानधर्म यांची सांगड कशी पडली ते आधी पाहिले पाहिजे. 'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म. ज्याच्या जन्माचा हा उत्सव, त्याला जन्मसमयी धर्मशाळेतही जागा मिळाली नाही आणि गुरांच्या गव्हाणीत निजावे लागले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याला सोबत देणे ही प्रत्यक्ष प्रभूचीच सेवा होय, ही त्याच्या शिकवणीतील मध्यवर्ती कल्पना. त्यामुळे नाताळचा आनंद हा ज्याला घर नाही, ज्याला माणूस नाही, त्याच्याशी वाटून घेतल्याखेरीज पुरा होत नाही, अशी भावना ख्रिस्ती समाजात प्रथमपासून रुजली.

चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा येथे निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. एका निर्धन पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात गुपचूप द्रव्य टाकले, अशी त्यांची आख्यायिका आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, संत स्टीफनचा सण येतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोजचे अन्न न्याय्य रीतीने वाटले जावे म्हणून जी सात माणसे निवडली गेली, त्यांपैकी हा स्टीफन एक. इंग्लंडात याच सुमारास चर्चमधील दानपेट्या उघडून त्यांतील पैसे गरिबांना वाटण्याची चाल पडली.

ही परंपरा थोर खरी. परंतु तिच्यात एक उणीव होती. देणारा वर उभा असे आणि घेणारा खाली. वर्षातून एकदा पेटी उघडे, नाणी हातात पडत, घेणारा आभार मानी, आणि पुन्हा वर्षभर दोघांचा संबंध नसे. खेड्यात, जिथे धनिकाला प्रत्येक गरीब नावाने ठाऊक असे, तिथे ही पद्धत कशीबशी चालली. परंतु एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले, शहरे फुगली, एकेका खोलीत दहादहा माणसे कोंबली गेली. तेव्हा ओळखीच्या दानाने न आटोपणारे दैन्य उभे राहिले. १८४३ च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांनी आपली प्रसिद्ध नाताळकथा छापली, तिच्यामागे हीच अस्वस्थता होती. कंजूष सावकाराचे हृदय एका रात्रीत पालटते, हे वाचून लोकांचे डोळे पाणावले. पण एका सावकाराचे हृदय पालटून एका घरातला आजारी मुलगा वाचतो. शहरातल्या हजार मुलांचे काय?

त्या हजार मुलांना गाठणारा रोग होता क्षय. आपल्या पूर्वजांनी त्याला राजयक्ष्मा म्हटले, आणि दक्षाच्या शापाने चंद्र कलेकलेने झिजू लागला त्या कथेशी त्याचे नाते जोडले. युरोपातही या रोगाविषयी पिढीजात शापाची, अटळ दैवाची भावना होती. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि हा शाप नसून संसर्ग आहे हे सिद्ध झाले. शत्रू ओळखला गेला. परंतु त्याला मारणारे औषध पुढे साठ वर्षे हाती लागले नाही. तोपर्यंत उपाय एवढाच की रोग्याला कोंदट वस्तीतून बाहेर काढावे, मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न द्यावे. यासाठी आरोग्यधामे हवीत. मात्र आरोग्यधामात महिनोन् महिने राहण्याचा खर्च श्रीमंताला झेपे. ज्या गरिबाच्या घरी हा रोग अधिक, त्याला तो स्वप्नातही परवडत नसे.

या पार्श्वभूमीवर डेन्मार्कच्या टपालखात्यातील आयनार होल्ब्योल हे गृहस्थ येतात. १९०३ सालचा नाताळ जवळ आला होता. शुभेच्छांच्या पत्रांचे आणि पुडक्यांचे ढीग टपालकचेरीत साचले होते, आणि होल्ब्योल इतर कारकुनांप्रमाणेच ते निवडीत होते. ते काम करीत असता त्यांच्या मनात आले की, ही एवढी पत्रे माणसे प्रेमाने एकमेकांना पाठवीत आहेत. यांतील प्रत्येक पत्रावर पोस्टाच्या तिकिटाशेजारी आणखी एक अगदी स्वस्त तिकीट लोकांनी आपखुशीने लावले, तर त्या पैशांतून आजारी मुलांसाठी केवढे काम होईल! विचार साधा होता. पण तो अशा माणसाला सुचला की ज्याला सणातल्या पत्रांची संख्या अंदाजाने नव्हे, हाताने ठाऊक होती.

टपालखात्याने आणि राजे नववे ख्रिस्तियन यांनी या कल्पनेला संमती दिली. १९०४ च्या नाताळात जगातील पहिले नाताळचे सील निघाले. त्यावर दिवंगत राणी लुइसा यांचे चित्र होते. दिसायला ते पोस्टाच्या तिकिटासारखेच; पण टपाल म्हणून त्याचे मूल्य काही नव्हते. ते लावल्याने पत्र लवकर पोहोचणार नव्हते, न लावल्याने अडणारही नव्हते. किंमत होती दोन ओरे, म्हणजे एका क्रोनचा पन्नासावा हिस्सा. डेन्मार्कची लोकसंख्या त्या वेळी सुमारे पंचवीस लाख; आणि पहिल्याच वर्षी चाळीस लाखांवर सीले खपली. याचा अर्थ असा की ती केवळ वाड्यांतून आणि बंगल्यांतून विकत घेतली गेली नव्हती. कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, मोलकरणींच्या पत्रांवरही ती चिकटली होती.

शुभवर्तमानात एका दरिद्री विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकीत असता तिने तांब्याची दोन क्षुद्र नाणी टाकली, आणि येशूने शिष्यांना सांगितले की तिचेच दान सर्वांत मोठे ठरले. ही गोष्ट व्यासपीठावरून शतकानुशतके ऐकविली जात होती; परंतु अशी लाखो दुबळी नाणी एकत्र करून त्यांचे बळ उभारण्याची युक्ती टपालकचेरीत सापडली. जुन्या दानपेटीची जी उणीव आपण पाहिली, तीही येथे आपोआप भरून निघाली. सील घेणाऱ्याला रोगी दिसत नव्हता, रोग्याला देणारा ठाऊक नव्हता. कोणाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण एका कागदाच्या कपट्याने पाळली.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. जमलेला पैसा नाताळच्या मिठाईवर किंवा एक दिवसाच्या मेजवानीवर उडाला नाही. वर्षामागून वर्षे सीले निघत राहिली, आणि १९११ साली कोल्डिंग गावाजवळ, समुद्राच्या अरुंद खाडीकाठी, क्षयग्रस्त मुलांसाठी एक प्रशस्त आरोग्यधाम उभे राहिले. सण तीन दिवसांचा. पण त्या घराचे दरवाजे बारा महिने उघडे होते.

ही कल्पना अटलांटिक महासागर ओलांडून गेली तीही एका पत्रावर बसूनच. जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे. १८७० साली ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांविषयी लिहून त्यांनी त्या देशाची झोप उडविली. त्यांचे सहा भाऊ क्षयाने गेले होते. मायदेशाहून आलेल्या एका पत्रावर त्यांना हे अनोखे तिकीट दिसले, त्यांनी चौकशी केली, आणि १९०७ साली एका साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला.

त्याच वर्षी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहराजवळ, ब्रँडीवाइन नदीच्या काठी, क्षयरोग्यांसाठी चालविलेली एक लहानशी झोपडीवजा संस्था पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. तिथले डॉक्टर जोसेफ वेल्स यांनी आपली नातलग एमिली बिसेल यांना पत्र लिहून कळविले की, तीनशे डॉलर मिळाले नाहीत तर रोग्यांना घरी पाठवावे लागेल. म्हणजे मरणाकडेच पाठवावे लागेल. बिसेलबाईंनी रीस यांचा लेख वाचला होता. त्यांनी स्वतः एक साधे चित्र रेखाटले, मित्रमंडळींकडून चाळीस डॉलर उसने घेतले आणि पन्नास हजार सीले छापविली. ७ डिसेंबर १९०७ रोजी विल्मिंग्टनच्या टपालकचेरीत एक सेंटाला एक याप्रमाणे त्यांची विक्री सुरू झाली.

आरंभी खप बेताचा होता. तेव्हा बिसेलबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथील 'नॉर्थ अमेरिकन' या दैनिकाने त्यांचा पाठपुरावा आपल्या अंगावर घेतला. त्या मोहिमेच्या इतिहासात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. वर्तमानपत्रे विकणारा एक फाटका पोरगा त्या दैनिकाच्या कचेरीत शिरला, उंच टेबलापर्यंत हात पुरवून त्याने एक सेंटचे नाणे वर ठेवले आणि एक सील मागितले; कारण त्याच्या बहिणीला तोच रोग जडला होता. तो मुलगा दान करावयास आला होता की मदत मागावयास? बहुधा त्याला स्वतःलाही हा फरक ठाऊक नसावा. या योजनेत तो फरक राहिलाच नव्हता, हेच तिचे वैशिष्ट्य. त्या नाताळात तीनशेऐवजी सुमारे तीन हजार डॉलर जमले. दुसऱ्या वर्षी, १९०८ साली, रेडक्रॉस संस्थेने ही विक्री देशभर नेली आणि एक लाख पस्तीस हजार डॉलर गोळा झाले.

पुढे या सीलांवर दोन आडव्या दांड्यांचा क्रूस दिसू लागला. १९०२ साली बर्लिनच्या क्षयरोगविषयक परिषदेत ते चिन्ह या रोगाविरुद्धच्या लढ्यासाठी सुचविले गेले होते. हा क्रूस मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या काळचा. एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या लोकांवर चालून जाताना जे चिन्ह मिरविले, तेच सर्व धर्मांच्या माणसांना सारखेच मारणाऱ्या एका जंतूविरुद्ध उभे केले गेले. चिन्हांनाही असा पुनर्जन्म मिळतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दोन ओरेंचे तिकीट चिकटवून माणसाने आपल्या मनाची सहज समजूत काढली, यात धर्म कोठे राहिला? आक्षेप निराधार नाही. स्वस्त पुण्याची चटक सर्वच समाजांना लागते. परंतु त्या तिकिटाने पैशाखेरीज आणखी एक काम केले. ज्या रोगाचे नाव घरात कुजबुजत घेतले जाई, तो रोग त्याने लिफाफ्याच्या तोंडावर आणून ठेवला. पत्र उघडण्यापूर्वीच वाचणाऱ्याला कळे की क्षय टाळता येतो आणि त्यासाठी कोणीतरी झटत आहे. लाज ही या रोगाची मोठी सोबतीण. ती थोडी जरी हटली, तरी रोगी वेळेवर डॉक्टरकडे जातो. दयेने पैसा दिला, पण भीती कमी केली ती उघडपणे बोलण्याने.

आपल्या देशातील हकीकत याच धाग्याने पुढे जाते. भारतात क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेतील पहिले आरोग्यधाम १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी काढले. दक्षिणेत मदनपल्लीजवळ अनेक मिशनांनी एकत्र येऊन १९१२ साली दुसरे एक आरोग्यधाम सुरू केले. त्याच्या जागेला 'आरोग्यवरम' हे सुंदर नाव मिळाले. त्याचे पहिले प्रमुख क्रिस्तियन फ्रिमोट-म्युलर हे डॉक्टर डेन्मार्कचेच होते. डेन्मार्कशी दक्षिणेचा हा संबंध नवा नव्हता. १७०६ साली तरंगंबाडीस डॅनिश राजाने पाठविलेले पहिले मिशनरी उतरले होते. त्याच मिशनमध्ये पुढे आलेले श्वार्ट्झ हे तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचे पालक-गुरू झाले, हे मराठी श्रोत्यांना परिचित आहे. महाराष्ट्रात मिरजेस डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, आणि पुढे त्यांच्याच नावाच्या वाडीत क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले. सांगली-मिरज भागातील कित्येक घरांत वानलेसवाडीचे नाव एके काळी धास्तीने आणि आशेने एकदमच घेतले जाई.

१९३९ साली भारतीय क्षयरोग संघ स्थापन झाला. १९५० पासून या संघाने टी. बी. सीलांची मोहीम सुरू केली. तिचा आरंभ नाताळात ठेवला गेला नाही. तो २ ऑक्टोबरला, महात्मा गांधींच्या जयंतीला ठेवण्यात आला. या निवडीत मोठे औचित्य होते. महारोगाने ग्रासलेले परचुरेशास्त्री १९३९ साली सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या होत्या. ज्याला सर्वांनी टाळले त्याला स्पर्श करणे हे ख्रिस्तचरित्रातील कृत्य त्यांनी ख्रिस्ती न होता आचरून दाखविले. बेथलेहेमच्या गव्हाणीशी नाते सांगणारी एक चाल भारतात आली आणि पोरबंदरच्या एका वैष्णवाच्या वाढदिवसाशी जोडली गेली. तिच्यावर कोणत्याही एका धर्माची मालकी उरली नाही. चांगल्या चालीची कसोटी हीच, की ती परक्या अंगणात लावली तरी रुजते.

अर्थात क्षयाला हटविले ते सीलांनी नव्हे, औषधांनी. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. १९५२ पासून आयसोनियाझिड हे औषध वापरात आले. मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या अभ्यासात अर्ध्या रोग्यांना आरोग्यधामात आणि अर्ध्यांना त्यांच्या गरीब घरीच औषध देऊन पाहिले गेले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात. भारतात झालेल्या या एका अभ्यासाने जगभरातील आरोग्यधामांचे युग संपविण्यास मोठाच हातभार लावला. ज्या वास्तूंसाठी लाखो लोकांनी पैसा पैसा जमविला होता, त्यांची गरज ओसरली. कोल्डिंगच्या त्या आरोग्यधामाच्या इमारतीत आज एक हॉटेल आहे.

मग ती सारी करुणा वाया गेली काय? डेन्मार्कमध्ये नाताळच्या सीलांचा निधी बंद पडला नाही. त्याने आपला रोगी बदलला. आज त्या पैशांतून चालणाऱ्या घरांत एकाकीपणाने खचलेली, सोबत्यांच्या छळाने मिटून गेलेली, अतिस्थूलतेने त्रस्त झालेली मुले काही आठवडे राहतात आणि पुन्हा उभी होतात. आपल्याकडे मात्र जुनाच रोगी अजून दाराशी उभा आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. औषध मोफत मिळते. पण ते महिनोन् महिने नेमाने घ्यावे लागते, आणि उपाशी पोटी ते पेलत नाही. म्हणून ९ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सामान्य नागरिकांनी 'निक्षय मित्र' होऊन एकेका रोग्याच्या पोषक आहाराचा भार उचलावा, अशी योजना करण्यात आली. पुष्कळ औषधांनंतरही शेवटी शेजाऱ्याच्या ताटाची गरज उरतेच.

आणि पत्रे? ज्या डेन्मार्कात पत्रांच्या ढिगातून ही कल्पना जन्मली, तेथील चारशे वर्षांच्या जुन्या टपालसंस्थेने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपाचे काम थांबविले. लोक पत्रेच लिहीनासे झाले. आपल्या घरीही दिवाळीच्या आणि नाताळच्या शुभेच्छा आता हातातल्या यंत्रावर क्षणात येतात नि क्षणात जातात. त्यांवर चिकटविण्याजोगे काही नसते. परंतु होल्ब्योल यांनी लिफाफ्याची पूजा केली नव्हती. आपल्या काळातील माणसे सणाला कोणती गोष्ट हटकून करतात, हे त्यांनी पाहिले आणि तिला दोन ओरेंची करुणा जोडली. आपल्या काळातील माणसे सणाला काय हटकून करतात, ते आपण पाहावयाचे आहे. त्यात अनोळखी आजाऱ्याचा वाटा कोठे ठेवता येईल, हे ज्याला त्याच्या रोजच्या कामातच सुचेल. आणि सुचले, तर ते पुढच्या सणापर्यंत लांबणीवर टाकू नये.